शिकाऱ्याची गोळी आणि फूड पँट्रीतले पाकीट



नोव्हेंबर उजाडला की आमच्या मिनेसोटात पेट्रोल पंपांवर, किराणा दुकानांत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये भडक नारिंगी जाकिटे दिसू लागतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो. या एका राज्यात दरवर्षी दीड लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त हरणे मारली जातात. आपल्या मराठी मंडळींत हा विषय निघाला की दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे "किती क्रूर लोक हे!" आणि दुसरी म्हणजे विषय बदलणे. बंदूक हा शब्द आला की आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांना पुढचे काही ऐकावेसे वाटत नाही, आणि ते मी समजू शकते. शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या वाचून मुलांना बसमध्ये बसवणारी मीही एक आई आहे. बंदुकांवर कडक कायदे हवेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही आज मी एका फार छोट्या वस्तूबद्दल लिहिणार आहे. ती बोटाच्या पेराएवढी असते, वजनाने दहा ग्रॅमच्या आसपास असते आणि तिची किंमत दोन-तीन डॉलर असते. ती म्हणजे रायफलीची गोळी. माझे म्हणणे थोडक्यात असे : शिकार दयेने करायची असेल तर ती दया शिकाऱ्याच्या मनात असून भागत नाही, ती गोळीच्या निवडीत उतरावी लागते, आणि त्या दयेचा हिशोब हरिण कोसळले की संपत नाही. ते मांस नंतर जो जो खातो, मग तो गरुड असो की फूड पँट्रीच्या रांगेतले मूल, त्या सगळ्यांपर्यंत तो जातो.

मी स्वतः शिकार करत नाही. मी धातुशास्त्रज्ञ आहे. माझे सहकारी शिकारीला जातात, त्यांच्याबरोबर मी नेमबाजीच्या मैदानावर गेले आहे, राज्याचा शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रमही पुरा केला आहे. आणि त्यांनी मांसातून काढलेल्या गोळ्या कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आहेत. म्हणून हा विषय मला धातूच्या बाजूने दिसतो.

आपल्या मनातली शिकार

मराठी माणसाच्या मनात 'शिकार' म्हटले की दोन चित्रे उभी राहतात. एक, मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेणारे राजेसाहेब किंवा इंग्रज साहेब. दुसरे, फासेपारधी. पहिल्याला आपण ऐश्वर्य म्हणत आलो आणि दुसऱ्याला गुन्हेगार. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण गावांच्या मनातून आणि पोलीस ठाण्यांतून तो अजून गेलेला नाही. म्हणजे शिकारीबद्दलची आपली घृणा वाटते तितकी निखळ भूतदयेतून आलेली नाही, तिच्यात जातीचा अंश आहे, हे आधी मान्य करू.

तिसरे चित्र आपल्याकडे नाहीच : एखादा शाळामास्तर, नर्स किंवा ट्रकचालक, जो वर्षातून एक-दोन हरणे मारतो, ते मांस फ्रीझरमध्ये ठेवतो आणि घरदार ते वर्षभर खाते. आमच्या भागात शिकारी म्हणजे बहुतेक वेळा हा माणूस. या देशाच्या बहुतांश भागातून माणसाने लांडगे संपवले, जंगलाच्या कडेकडेने शेते आणि बंगले वसवले, आणि हरणांना चरायला मोकळे रान मिळाले. कुणी ना कुणी त्यांची संख्या रोखणार आहे : शिकारी, उपासमार, रोगराई किंवा हायवेवरची मोटार. यांतले एकही मरण सुंदर नाही. प्रश्न एवढाच की कोणते कमी वेदनेचे.

ज्यांना कोणत्याही प्राण्याला मारणेच मान्य नाही आणि जे ताटातही तसेच वागतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आपल्या दिवाळीच्या पार्टीत चिकन करी वाटीभरून घेणाऱ्याने शेजाऱ्याला क्रूर म्हणावे, हे मला पटत नाही. त्या कोंबडीचे आयुष्य आणि मरण कसे होते हे विचारायची आपल्याला गरज वाटत नाही. शिकाऱ्याला निदान तो प्रश्न टाळता येत नाही. मरणारा जीव त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

गोळी मारते म्हणजे काय करते?

सिनेमात गोळी लागली की माणूस हवेत उडून मागे पडतो. हे भौतिकशास्त्राला धरून नाही. गोळीचा संवेग फार थोडा असतो. रायफलीची गोळी मारते ती शरीरातल्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे फाडून. रक्तदाब एकदम कोसळतो, मेंदूला रक्त मिळेनासे होते आणि काही सेकंदांत प्राणी शुद्ध हरपतो. दोन्ही फुप्फुसे किंवा हृदय फाटले तर हरिण बहुधा थोडे धावून पडते. तीच गोळी हातभर मागे, पोटात किंवा आतड्यांत लागली, तर ते कित्येक तास तडफडते; काही वेळा ते सापडतच नाही आणि झाडीत कुठेतरी मरते.

म्हणून दयेची पहिली अट नेम आहे आणि दुसरी संयम. हरणाच्या छातीतली ही जागा साधारण जेवणाच्या ताटाएवढी असते. ज्या अंतरावरून आपण दर वेळी त्या ताटात गोळी घालू शकतो तेवढेच आपले अंतर, त्यापलीकडे चाप ओढायचा नाही. चांगला शिकारी कोण, असे मी एका अनुभवी सहकाऱ्याला विचारले होते. "जो न मारता घरी येऊ शकतो तो," असे उत्तर त्यांनी दिले.

तिसरी अट गोळी. इथे इतिहासातला एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रकारखान्यात १८९०च्या दशकात इंग्रजांनी अशी गोळी बनवली, की तिचे शिशाचे टोक उघडे असल्याने ती शरीरात शिरताच फुलून रुंद होई. वायव्य सरहद्दीवरच्या १८९७-९८च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली. १८९९च्या हेग परिषदेत माणसांविरुद्धच्या युद्धात अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा झाला. इंग्रजांनी तेव्हा विरोध केला. त्यांच्या प्रतिनिधीचा युक्तिवाद असा होता की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी ही गोळी हवी. हे 'रानटी' कोण, ते आपल्याला सांगायला नको. ब्रिटनने तो जाहीरनामा १९०७ साली मान्य केला.

आता गंमत पाहा. युद्धात जी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध, तीच हरणाच्या शिकारीत मिनेसोटाच्या कायद्याने बंधनकारक आहे. इथे हरणासाठी फुलणारी गोळीच वापरावी लागते. सैनिकी पद्धतीची, पूर्ण कवचाची, न फुलणारी गोळी चालत नाही. हे विसंगत वाटते, पण नाही. सैनिकाला लढाईतून बाद करणे पुरते, त्याला वाचवता यावे अशी अपेक्षा असते. हरणाला वाचवायला कोणी डॉक्टर येणार नाही. न फुलणारी गोळी त्याच्या शरीरातून पेन्सिलीएवढे भोक पाडून निघून जाते आणि ते मरायला बराच वेळ लागतो. म्हणजे एखादी वस्तू दयाळू की क्रूर हे त्या वस्तूत लिहिलेले नसते. ती कशासाठी वापरली जाते आणि पुढे काय होते, यावर ते ठरते.

निवड कशी करायची

गोळीला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. तिने फुलायचे असते आणि तरीही खोल जायचे असते. फार मऊ गोळी खांद्याच्या हाडावर आपटून वरच्यावर फुटते. जखम मोठी दिसते, पण फुप्फुसापर्यंत पोचत नाही. फार कडक गोळी फुलतच नाही. कोयोटी किंवा प्रेअरी डॉगसारख्या लहान प्राण्यांसाठी बनवलेली गोळी हरणावर वापरणे आणि मोठ्या, जाड हाडांच्या जनावरासाठी बनवलेली गोळी छोट्या हरणावर वापरणे, दोन्ही सारखेच निर्दयी.

त्यामुळे निवडीत तीन गोष्टी जुळाव्या लागतात : प्राण्याचे वजन, गोळीची रचना आणि लागतानाचा वेग. पांढऱ्या शेपटीच्या मोठ्या हरणाचे वजन साधारण साठ ते शंभर किलो. त्याला .२४३ रायफलीची सुमारे १०० ग्रेनची, म्हणजे साडेसहा ग्रॅमची गोळी पुरते; .३०८ किंवा ३०-०६ असेल तर शिशाच्या गोळीत १५० ते १६५ ग्रेन. चारशे किलोच्या मूसला त्याहून जड आणि मजबूत गोळी हवी. वेगाची गोष्ट बरेच जण विसरतात. गोळी किती वेगाने निघते हे पेटीवर लिहिलेले असते, पण ती फुलते ती लागतानाच्या वेगावर. .३०८ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,८०० फुटांनी निघाली तरी तीनशे यार्डांवर ती बरीच मंदावलेली असते. प्रत्येक गोळीला फुलण्यासाठी लागणारा किमान वेग तिचे निर्माते सांगतात. तो आकडा आणि आपल्या रायफलीचा आकडा शेजारी ठेवले की आपले कमाल अंतर कागदावर निघते. मोठी, धक्का देणारी रायफल घेतली की दया आपोआप वाढते, हा गैरसमज आहे. धक्क्याला घाबरून चाप झटकणाऱ्याचा नेम चुकतो. ज्या रायफलीने आणि ज्या गोळीने आपला नेम स्थिर राहतो, तीच दयाळू.

इथपर्यंत बहुतेक शिकारी माझ्याशी सहमत होतील. त्यांच्या पुस्तकांत हेच असते. पुढचा भाग मात्र वादाचा आहे.

शिसे

शंभराहून जास्त वर्षे शिकारीच्या गोळीचा गाभा शिशाचा आहे आणि त्यावर तांब्याचे पातळ कवच. शिसे जड, स्वस्त आणि मऊ. धातुशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तांब्यावर घाव घातला की ते कडक होत जाते. शिसे खोलीच्या तापमानालाही तसे कडक होत नाही, ते नुसते पसरत आणि तुटत जाते. त्यामुळे शिशाची गोळी सहज फुलते. पण फुलताना तिचे कण सुटतात आणि जखमेच्या भोवती उडतात. हे कण मोठे असते तर दातांना लागले असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्यांतले कित्येक पिठासारखे दिसतात.

२००८ साली नॉर्थ डकोटातले डॉ. विल्यम कॉर्नात्झर, जे त्वचारोगतज्ज्ञ आहेत आणि स्वतः शिकारीही, यांनी फूड पँट्रींना दान आलेल्या हरणाच्या खिम्याची १०० पाकिटे क्ष-किरणांखाली तपासून घेतली. जवळजवळ साठ पाकिटांत धातूचे कण निघाले. राज्याने पँट्रींना ते मांस फेकून द्यायला सांगितले. मिनेसोटानेही आपली पाकिटे तपासली. पाचांतल्या एकाहून जास्त पाकिटांत शिसे होते, आणि अखंड तुकड्यांपेक्षा खिम्यात कितीतरी जास्त. त्याच वर्षी मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याने मेंढ्यांच्या शरीरांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. झटकन फुलणाऱ्या शिशाच्या गोळ्यांनी सरासरी १४१ तुकडे सोडले, आणि ते जखमेपासून सरासरी अकरा इंचांपर्यंत पोचले होते. पूर्ण तांब्याच्या गोळीने सोडले सरासरी दोन, तेही तांब्याचे. मांस धुतल्याने शिसे जात नाही, उलट पसरते, असेही त्यांना दिसले.

२००९ साली ग्रेंजर हंट आणि सहकाऱ्यांनी ३० हरणांचे मांस नेहमीसारखे दुकानांतून कापून, दळून घेतले. ८० टक्के हरणांच्या बाबतीत निदान एका पाकिटात धातूचे कण होते. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातले शिसे वाढले. म्हणजे कण नुसते पोटातून निघून जात नाहीत, विरघळतात. नॉर्थ डकोटातल्या सातशेहून अधिक लोकांच्या रक्ताच्या तपासणीत शिकारीचे मांस खाणाऱ्यांत शिसे थोडे जास्त आढळले. प्रामाणिकपणे सांगायचे तर फरक लहान होता आणि कोणाचीही पातळी तेव्हाच्या धोक्याच्या रेषेपलीकडे नव्हती. पण ती रेषा तेव्हा दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम होती. मुलांसाठीची रेषा २०१२ साली ५वर आणि २०२१ साली ३.५वर आणली गेली. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळी सापडलेली नाही. हळदीत रंगासाठी मिसळलेल्या लेड क्रोमेटच्या बातम्या आल्या तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी गावाहून आणलेली हळद टाकून दिली. ते योग्यच होते. मग हे शिसे वेगळे का?

जे सांडलेले खातात

हरिण मारल्यावर शिकारी त्याची आतडी तिथेच काढून टाकतो. गरुड, कावळे, कोल्हे त्यावर जगतात. पांढऱ्या डोक्याचा गरुड, जो या देशाचे चिन्ह आहे, त्याला तांदळाच्या दाण्याएवढा शिशाचा तुकडा मारू शकतो. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या गरुडांच्या हाडांत दीर्घकालीन शिसेबाधेची चिन्हे होती. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डर गिधाडांची कथा तर प्रसिद्धच आहे. १९८२ साली जगात अवघे २२ उरले होते. १९८७ साली रानातला शेवटचा पकडून पिंजऱ्यात आणला, वाढवला, १९९२पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली. आणि आजही रानातल्या कॉन्डरच्या मृत्यूचे मोठे कारण गोळीतले शिसेच आहे. रक्तातले शिसे काढण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा पकडून उपचार करावे लागतात.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. गावाबाहेर मेलेल्या ढोरावर उतरणारी गिधाडे आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी पाहिली आहेत. १९९०च्या दशकात ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली, मलबार हिलवरच्या पारशांच्या दखम्यांना दुसरे उपाय शोधावे लागले. २००४ साली कारण सापडले : गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. गिधाडांना मारण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. शेतकरी आपल्या बैलावर दयाच करत होता. पण ती दया बैलापाशी थांबली आणि त्याचे मढे खाणाऱ्याचा विचार कोणी केला नाही. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध होते, म्हणून २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. शिकाऱ्याच्या गोळीचेही तसेच आहे. पर्याय आहे.

रांगेतले लोक

आता पुन्हा माणसांकडे. आमच्यातले काहीजण महिन्यातून एक शनिवार एका फूड पँट्रीत काम करतात. हंगामानंतर तिथे फ्रीझरमध्ये हरणाच्या खिम्याची पाकिटे येतात. शिकारी ती मनापासून देतात आणि लोक आनंदाने नेतात. बाजारात मांस किती महाग झाले आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. मिनेसोटात हे दानाचे मांस वाटण्यापूर्वी क्ष-किरणांखाली तपासतात. ही चांगली गोष्ट आहे, पण अगदी बारीक कण त्यातूनही सुटू शकतात. एकदा कडेवर मूल असलेल्या एका बाईंनी मला विचारले, "हे याला चालेल ना?" पाकिटावर ते कोणत्या गोळीने मारलेले आहे हे लिहिलेले नव्हते. नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने २००८ साली सल्ला दिला होता की शिशाच्या गोळीने मारलेले हरणाचे मांस गरोदर बायांनी आणि सहा वर्षांखालच्या मुलांनी खाऊ नये. मी त्यांना तो सांगितला आणि त्यांनी पाकीट परत ठेवले. त्यांच्या पिशवीत त्या आठवड्याला दुसरे मांस नव्हते.

मला इथे अन्याय दिसतो. ज्याच्या हातात रायफल आहे तो गोळी निवडू शकतो. मांस खरेदी करणारा दुकान निवडू शकतो. रांगेतल्या बाईंना निवड नाही, माहितीही नाही. गरिबांना फुकट मिळते म्हणून त्यांच्या ताटातल्या शिशाकडे कानाडोळा करायचा, असे कोणी उघडपणे म्हणणार नाही. पण पाकिटावर सूचना छापून मोकळे होणे म्हणजे तेच. सूचना वाचून उपाशी राहायचे की न वाचता खायचे, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे उरतो. धोका मुळाशीच, म्हणजे काडतुसाच्या पेटीपाशी, संपवता येत असताना तो रांगेच्या टोकापर्यंत का वाहू द्यायचा?

तांबे

पूर्ण तांब्याची गोळी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आहे. तिच्या टोकाला पोकळी असते. शरीरात शिरताच ती चार-सहा पाकळ्यांनी उमलते आणि पाकळ्या बुंध्याला धरून राहतात, कारण तांबे चिवट असते. तिचे वजन जवळजवळ पूर्ण टिकते, त्यामुळे ती खोल जाते. दयेच्या दृष्टीने ती शिशापेक्षा कमी नाही. हाडावर लागली तर बऱ्याचदा अधिक भरवशाची.

पण ती वेगळी आहे, आणि हे न सांगणारा प्रचारक तिचे नुकसान करतो. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. त्यामुळे तितक्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि तिला नळीतल्या आट्यांचा पीळ अधिक लागतो. उपाय सोपा आहे : एक पायरी हलकी गोळी घ्यायची. .३०८मध्ये १६५ ग्रेन शिसे वापरणाऱ्याने १३० ते १५० ग्रेन तांबे घ्यावे. तिला फुलायला वेग जास्त लागतो, म्हणून अंतर आखडते घ्यावे. नळी आधी नीट साफ करावी आणि हंगामाआधी मैदानावर जाऊन नेम नव्याने बसवावा, कारण शिशाचा नेम तांब्याला लागू पडत नाही. दोन-तीन प्रकार वापरून आपल्या रायफलीला कोणता मानवतो ते पाहावे. "तांब्याने हरिण पडत नाही" म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी जुन्याच वजनाची गोळी, जुन्याच नेमाने झाडलेली असते.

किमतीचा आक्षेप खरा आहे. वीस काडतुसांच्या पेटीमागे दहा-वीस डॉलर जास्त पडतात. पण हंगामात हरणावर झाडल्या जातात एक-दोन गोळ्या. सराव शिशाने केला तरी शेवटची खात्री आणि शिकार तांब्याने करता येते. म्हणजे एका हरणामागे खर्च वाढतो तो कॉफीच्या एका पेल्याइतका.

कायदा की समजूत?

दोन्ही. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर या देशात १९९१पासून पूर्ण बंदी आहे, आणि बदकांची शिकार काही बंद पडली नाही. कॅलिफोर्नियाने २००८ साली कॉन्डरच्या प्रदेशात आणि २०१९पासून राज्यभर शिकारीतले शिसे बंद केले. डेन्मार्कने एप्रिल २०२४पासून रायफलीच्या गोळ्यांतलेही शिसे बंद केले. दुसरीकडे अ‍ॅरिझोना राज्याने २००५पासून कायबाब पठारावरच्या शिकाऱ्यांना शिसेमुक्त गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली. सक्ती नसताना तिथल्या मोठ्या बहुसंख्य शिकाऱ्यांनी त्या स्वीकारल्या. उत्तर कॅलिफोर्नियातल्या युरोक जमातीने २०२२ साली आपल्या भूमीत कॉन्डर सोडले, आणि त्याआधी कित्येक वर्षे आपल्याच शिकाऱ्यांशी बोलून गोळ्या बदलायचे काम केले. उलट जानेवारी २०१७मध्ये, सरकार बदलण्याच्या आदल्या दिवशी, संघराज्याच्या अभयारण्यांतल्या शिशावर निघालेला आदेश मार्चमध्ये नव्या मंत्र्यांनी पदावर येताच रद्द केला. जो बदल लोकांच्या गळी उतरलेला नसतो तो सही फिरवली की जातो. आणि कॅलिफोर्नियात बंदीनंतरही कॉन्डर शिशाने आजारी पडतच आहेत, कारण कायदा पुस्तकात असतो आणि जुनी काडतुसे कपाटात.

शिकाऱ्यांना वाटते की गोळीवर बोलणारे लोक उद्या बंदूक काढून घेणार. आपल्यासारख्यांनी त्यांना क्रूर ठरवून हा संशय वाढवला आहे. मी माझ्या सहकाऱ्यांशी बोलताना अनुभवले आहे, की "तुम्ही का मारता?" विचारले की दार बंद होते, आणि "तुम्ही कोणती गोळी वापरता?" विचारले की अर्धा तास बोलणे होते. प्राण्याला वेदना होऊ नयेत ही त्यांची आणि आपली समान भूमी आहे. तिथून सुरुवात केली तर पुढे गरुडापर्यंत आणि रांगेतल्या मुलापर्यंत जाता येते. तिघांनी गेल्या दोन वर्षांत गोळी बदलली. माझ्या भाषणाने नव्हे. आपल्याच हरणातून काढलेल्या गोळीचा छेद त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिला म्हणून.

तेव्हा माझी विनंती आहे ती अशी. शेजारी हरणाचे मांस देऊ करतील तेव्हा नाक मुरडू नका. गोळी कोणती होती ते आपुलकीने विचारा. शिशाची असेल तर घरातल्या लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देऊ नका. ज्या पँट्रीत आपण काम करतो तिथे दान घेताना गोळीचा प्रकार विचारून पाकिटावर लिहायची प्रथा सुरू करायला सांगा. आपली मंडळे दर वर्षी पँट्रीला देणगी देतात. त्यातला थोडा भाग दान देणाऱ्या शिकाऱ्यांना तांब्याच्या काडतुसांची पेटी द्यायला वापरता येईल. मराठी मंडळाच्या पैशातून काडतुसे, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल याची मला कल्पना आहे. कार्यकारिणीत यावर वाद होईल. व्हावा. अहिंसेवर आपण व्याख्याने पुष्कळ ऐकली आहेत. एका फ्रीझरमधून शिसे कमी करण्याचे काम हाताशी आहे, ते पुढच्या हंगामाआधी करून पाहू या.